मातीचं पांघरूण

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आमच्या ह्यांना मातीचं वेड लागलं. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांमागे दोन बाजा मावतील एवढं परस होतं. हे मूळचे कुंभारी गावचे. मिलमध्ये नोकरीला लागल्यापासून शेती सुटली होती, ती सगळी हौस आता त्या तुकड्यावर भागायची. घरातलं काहीही बाहेर टाकायचं नाही, असं फर्मान निघालं. राख अळूला, अंघोळीचं पाणी शेवग्याला. पाहुण्यांनीसुद्धा शेवग्याजवळच्या दगडावरच अंघोळ करायची. करकंबहून माझा भाऊ आला तेव्हा म्हणाला, "दाजी, पाहुण्याला अंघोळ घालताय का झाडाला?"

उन्हाळ्यात ह्यांनी मिलमधून पोतं भरून कापसाचा कचरा आणला आणि वाफ्यावर पसरला.

"गादी भरताय का?" मी विचारलं.

"मातीला ऊन लागतंय की. पांघरून नगं व्हय तिला?"

माझी चादर विरून जाळी झाली होती, ती मात्र ह्यांना कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली. शेजारी तेलुगू विणकरांचं घर. तिथल्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांनी लाल रंगवलेलं ओलं सूत गल्लीत वाळत घातलं होतं. आमचा सगळा कापूस त्याच्यावर जाऊन बसला आणि लाल सुताला पांढऱ्या दाढ्या फुटल्या. अक्का तरातरा आल्या. हातात बादली, तिच्यात सुताला लावून उरलेली खळ.

"काय करून ठेवलं हो अण्णा!" म्हणत त्यांनी रागाच्या भरात ती चिकट खळ वाफ्यावर ओतली.

हे उंबऱ्यावर बसले आणि दिवेलागणीपर्यंत सुतातला कापूस वेचत राहिले. अक्का शेजारी बसून बोट दाखवायच्या, "ते राहिलं. ते पण."

सकाळी पाहतो तर वाफ्यावरचा कापूस खळीनं पापडासारखा घट्ट बसलेला. खाली बोट घातलं तर माती गार, ओलसर. ह्यांनी भिंतीवरून हाक मारली, "अक्का, आजची खळ पन टाका की!"

अक्कांना हसू आवरेना. पण तेव्हापासून बादली रोज यायला लागली. खळीमुळे मुंग्या आल्या, मुंग्यांमागून अक्कांच्या कोंबड्या आल्या आणि कोंबड्यांनी माझी मेथी उकरली. मी काठी उचलली, तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. फुकट खत घालत्यात." मग कोंबड्यांसाठी बाजरी टाकून एक कोपरा वेगळा ठेवला. कोंबड्या तेवढा कोपरा सोडून बाकी सगळीकडे जायच्या.

पावसाळ्यात दुधीचा वेल भिंत ओलांडून अक्कांच्या पत्र्यावर चढला. "ज्याच्या बाजूला लटकंल, त्याचा दुधी," ह्यांनी न्याय देऊन टाकला. आमच्या बाजूला एकही लटकला नाही. मी बाजारातून दुधी आणायची. अक्का मात्र भाजी केली की वाटीभर पाठवायच्या, तिखटजाळ. हे नाक पुसत पुसत खायचे आणि म्हणायचे, "आपल्या मातीतला हाय. चव बग की, लई भारी!"

मी माझ्या भाजीचं पातेलं झाकून ठेवायची.