मी तिची प्रॉक्सी लावत होते

आज दुपारी कॉलेजात जे झालं ते इथं लिहितेय, कारण आरशात बघायची लाज वाटतेय.

मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी वर्गमैत्रीण स्नेहल आजऱ्याची, इथं शाहूपुरीत एकटीच खोली घेऊन राहते. गेले तीन आठवडे ती कॉलेजला आली नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून तिचा नंबर पुकारला की मी आवाज बदलून "येस सर" म्हणायचे. मग तिला मेसेज टाकायचे, "लावली गं!" स्वतःला लई भारी मैत्रीण समजत होते.

आज तिची आई गावाहून आली, आधी खोलीवर आणि मग कॉलेजात. सरांना म्हणाली, "पोरगी नुसती पडून हाय. धड जेवत न्हाय, बोलत न्हाय. तुमच्या कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय व्हय?"

सरांनी हजेरीपत्रक उघडलं. "अहो मावशी, ती तर रोज हजर आहे."

मी शेजारीच उभी होते. तिथंच सगळं कबूल केलं. सर लई बोलले. आई मात्र पिशवी उचलून निघाली.

तिच्यासोबतच मी खोलीवर गेले. स्नेहल भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तुझा मेसेज आला की वाटायचं, मी नसले तरी चालतंय की सगळं."

तीन आठवड्यांत "कशी आहेस?" एवढं एकदाही विचारलं नव्हतं मी.

उद्या तिचा नंबर पुकारल्यावर मी गप्प बसणार आहे. तुमच्या वर्गात असं कोण आहे, जे फक्त हजेरीपत्रकातच येतंय?