झुकलेलं नाव

घासलेटचा वास आला की मी अजूनही श्वास रोखते. काल शेजारच्या मुलाने अंगणात सायकलची साखळी धुतली आणि मी थेट मेहकरला, बाबांच्या छापखान्यात जाऊन उभी राहिले. तिथे अक्षरांचे शिशाचे खिळे घासलेटनेच धुवायचे.

माझी हळद आठ दिवसांवर आली होती. मुंबईहून आणलेला टाइप बाबांनी माझ्या लग्नपत्रिकेसाठी पहिल्यांदाच काढला होता. उजवीकडे कललेली अक्षरं, उभ्या रेघा काजळाच्या बोटासारख्या जाड आणि आडव्या केसासारख्या बारीक. दोन्ही नावं त्यातच जुळवलेली. होणाऱ्या सासऱ्यांनी पहिली प्रत उजेडात धरली आणि नावावर बोट ठेवलं. मी पडद्याआड उभी होते.

"आमच्या पोराचं नाव झुकलेलं काऊन?" ते म्हणाले. "आमच्या खानदानात कोणाची मान झुकली नाई. सरळ करा, नाईतं सोयरीक राहू द्या."

"तो टाइपच तसा आहे जी," बाबा हळूच म्हणाले. "दोन्ही नावं बदलतो."

"पोरीचं राहू द्या. तिले झुकलेलंच शोभते."

बाबांनी चिमट्याने एकेक खिळा उपसला आणि नवरदेवाचं नाव सरळ टाइपात बसवलं. माझं तसंच ठेवलं. मला त्यांचा फार राग आला.

त्या घरात मी मान खाली घालून बरीच वर्षं काढली. मग एका सकाळी लेकीचा हात धरून निघाले.

पत्रिका अजून माझ्याकडे आहे. डावीकडे नवऱ्याचं नाव ताठ उभं. उजवीकडचं माझं त्यांच्यापुढे झुकलंय, असंच मी समजत आले. काल नीट पाहिलं. ते उजवीकडे कललंय, त्यांच्याकडे पाठ करून पुढे निघालंय.