तिकडची सवय

मंगळवार पेठेतून मुंबईच्या विमानतळापर्यंत आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः गाडी चालवत आले. त्यांचा सारा जन्म दुधाच्या टेम्पोवर गेला. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच. मी नोकरीसाठी जर्मनीला निघाले होते. बॅगा उतरवून ते एवढंच म्हणाले, "जेवत जा."

तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. दहा वर्षं गाडी चालवूनही मला पहिल्यापासून शिकावं लागलं. वळण आलं की हात डावीकडं ओढायचे आणि शिकवणारे मास्तर ब्रेक दाबायचे.

असं का, हे आबा फोनवर विचारायचे. मी शोधून सांगितलं. म्हणे पूर्वी घोडेस्वार डावीकडून जायचे, तलवारीचा हात समोरच्याकडं राहावा म्हणून. पुढं काही देशांत मोठ्या घोडागाड्या आल्या. गाडीवान डाव्या घोड्यावर बसायचा. समोरच्या गाडीची चाकं दिसावीत म्हणून तो उजवीकडून जाऊ लागला. इंग्रजांनी डावी बाजू सोडली नाही, तीच आपल्याकडं आली. आबा म्हणाले, "आमच्या बैलगाडीला कुणी इचारलंच न्हाय की."

चार वर्षांनी घरी गेले तेव्हा गुडघ्यामुळं त्यांना क्लच दाबवत नव्हता. बिद्रीला आत्याकडं जायचं होतं, म्हणून गाडी मी घेतली. वाटेत चहाला थांबलो. निघताना रस्ता मोकळा होता आणि मी सरळ उजव्या बाजूला लागले. वळणावरून उसाचा ट्रॅक्टर समोर आला. आबांनी स्टिअरिंग धरून डावीकडं ओढलं. उसाचं वाढं, तो शेंड्याचा पाला, काचेला घासत गेलं.

मी गाडी कडेला घेतली. ज्या रस्त्यावर शिकले, तिथलीच बाजू विसरले होते. आबा रागावतील असं वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तिकडची सवय लागली तुला. बरं झालं. न्हाईतर तिथं एकटी मेली असतीस की." आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

भावाला बोलावू म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. मलाच गाडी चालवायला लावली. बिद्रीपर्यंत प्रत्येक वळणाला सांगत राहिले, "डावीकडं, बाळ." दुसऱ्या वळणालाच मला जमलं होतं. तरी मी त्यांना थांबवलं नाही.

आता इथं जर्मनीत माझे हात चुकत नाहीत. माझ्यासारखे जे लांब गेलेत त्यांना कळेल, घर म्हटलं की मला आमचा दरवाजा आठवत नाही. शेजारच्या सीटवर बसून मला अजून शिकाऊ समजणारं माणूस आठवतं.