वाळूवरची बिस्किटं

बिस्किटांची ही कृती माझ्याकडून बऱ्याच जणींनी नेली आणि त्यातल्या बहुतेक तक्रार घेऊन परत आल्या. वाटीभर तूप, वाटीभर पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, वेलदोडा, चिमूटभर सोडा. तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसायची, मैदा मिसळायचा, चपटे गोळे करायचे. इथपर्यंत सगळ्या माना डोलावतात. मग मी सांगते, "मैद्याचा कच्चा वास गेला, तुपाचा आला आणि साखरेचा सुरू झाला, की लगेच उतरवायचं." यावर हमखास प्रश्न येतो, म्हणजे किती मिनिटं? मला मिनिटं माहीत नाहीत. माझ्या आत्यालाही माहीत नव्हती, आणि कृती तिची आहे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मद्रासला ट्रिप्लिकेनमधल्या एका लांबोडक्या घराच्या मागच्या पोर्शनमध्ये राहत होतो. पुढच्या दोन पोर्शनमध्ये तमिळ कुटुंबं होती, विहीर सगळ्यांची एक. घरात बोलणं मराठी, पण हाका तमिळ, म्हणून आत्याला मी अत्तै म्हणे आणि ती मला पापा म्हणे. तिकडे लहान मुलीला पापाच म्हणतात. मी आत्ता लिहिते आहे ते मराठी मला लग्नानंतर पुण्याला आल्यावर मिळालं. आत्याच्या मराठीला इथले लोक हसले असते. मी त्यांना ती संधी दिली नाही.

अप्पा एग्मोरच्या एका कचेरीत कारकून होते, आई मुलींच्या शाळेत शिकवायची. आत्या अप्पांची थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा झालेली, केस काढलेली, विटकरी लुगड्याचा पदर कायम डोक्यावर. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला तंजावरात ठेवून घेतलं ते दळण्याकांडण्यासाठी. आईला नोकरी लागली तेव्हा घरात स्वयंपाकाला माणूस हवं होतं, म्हणून अप्पा तिला घेऊन आले. लोक म्हणत, भावाने बहिणीला आधार दिला. खरं म्हणजे दोघांच्या गरजा एकमेकींत चपखल बसल्या होत्या, आणि आत्याला ते पक्कं ठाऊक होतं. तंजावरचा विषय निघाला की ती हातातलं काम थांबवून एवढंच म्हणे, "तिकडे परत नक्को."

तिचा स्वयंपाक मडीतला, म्हणजे इकडे ज्याला सोवळं म्हणतात त्यातला. पहाटे विहिरीवर अंघोळ, ओलं नेसूनच चुलीपुढे. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही, जिभेला थेंबही लावायचा नाही. चाखलं की ते उष्टं, आणि उष्टं देवाला चालत नाही. त्यामुळे आत्या सगळं नाकाने करी. आंबट भाजीत चिंच शिजली का, दांगराचं, म्हणजे इकडच्या डांगराचं, उडीद पुरेसं भाजलं का, एवढंच काय, आमटीत मीठ पुरेसं आहे का, हेही ती वाफेवर वाकून सांगे. मिठाला कसला वास, असं आई म्हणायची. पण मीठ कधी चुकलं नाही.

दुपारी विहिरीपाशी पुढच्या पोर्शनमधल्या बायका जमत आणि तिच्याकडून कृती नेत. तीही त्यांच्याकडून घेई. मोरकुळंबु, म्हणजे त्यांची ताकाची आमटी, घेतला, आपला कायरस दिला. बिस्किटं आईच्या शाळेतल्या एका ख्रिस्ती बाईंकडून आली. त्यांच्या कृतीत अंडं होतं. आत्याने ते काढून टाकलं आणि तुपात भर घातली. भट्टी कुठली घरात? लोखंडी कढईत समुद्राची चाळलेली वाळू, त्यावर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. शनिवारी दुपारी बिस्किटं होत तेव्हा सगळ्या पोर्शनमधली पोरं आमच्या दाराशी यायची. आत्या प्रत्येकाच्या हातावर वरून एकेक टाकी. तिने स्वतः कधी एक तोंडात घातलं नाही. मैदा गिरणीचा, हात कोणाकोणाचे लागलेले, आणि तिचं जेवण एकभुक्त. आपण केलेलं बिस्कीट कसं लागतं हे तिला माहीतच नव्हतं. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता विचार केला की चीड येते.

एका मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात, पहाटेच्या पोंगलाच्या नैवेद्यासाठी ओल्या लुगड्यात उभी राहून तिला ताप भरला. सर्दी छातीत उतरली. ती उठली तेव्हा बारीक झाली होती, पण लगेच चुलीपुढे बसली. त्या शनिवारी बिस्किटं कोळसा झाली. करपट वास पुढच्या पोर्शनपर्यंत गेला, तिथल्या मामी, म्हणजे शेजारच्या तमिळ बाई, धावत आल्या, आणि आत्या कढईसमोर शांत बसून होती. झाकण उघडल्यावर तिने काळ्या चकत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "वास आला काय गे तुला?" तिने विचारलं. मी म्हटलं, केव्हाचा येतोय.

तिने मला मागच्या अंगणात नेलं. लसूण तर आमच्या घरात यायचाही नाही, पण हिंगाचा खडा, कापूर, लिंबाचं पान असं एकेक नाकाशी धरून तिने जोरात श्वास घेतला. शेवटी शेण घेतलं. मग हात धुऊन बसली. "कोणाला सांगू नक्को," म्हणाली. "आईला नक्को, अप्पाला मुळीच नक्को. कळलं तर तंजावर."

हे ती उगाच म्हणत नव्हती. बिस्किटं जळाली त्याच संध्याकाळी आई अप्पांना म्हणाली, "अक्कांना आता झेपत नाही. स्वयंपाकाला बाई ठेवू या." आई दुष्ट नव्हती. दिवसभर शाळेत उभं राहून आलेली बाई ती, तिला वेळेवर नीट जेवण हवं होतं. पण आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाकीणही आणि आत्याही, हे होणार नव्हतं. अप्पा म्हणाले, "बघू. अजून एखादं असं झालं तर बघू." आत्या भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होती.

तेव्हापासून मी तिचं नाक झाले. शाळेत जाण्याआधी मी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीच्या गजांशी उभी राही. आत जायची परवानगी नव्हती, मी मडीत नव्हते. ती विचारी, "आता कसं?" मी सांगे, "कच्चं." "आता?" "डाळीचं." "आता?" "हिंगाचं, आणि मागे थोडं गोड." सुरुवातीला माझ्याकडे शब्दच नव्हते, नुसतं छान नाहीतर घाण. ती चिडे. "छान मणजे काय? कशासारखं ते सांग." हळूहळू जमलं. मेथी तळली गेल्याचा वास आणि करपायच्या बेतात असल्याचा वास यांतला फरक मी त्या खिडकीशी शिकले, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी गर्व होता.

मिठाचं मात्र माझ्या नाकाला जमेना. दोनदा आमटी खारट झाली आणि अप्पांनी पान अर्धं टाकून आईकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी आत्याने पळीतून एक थेंब गजांमधून माझ्या हातावर टाकला. नैवेद्य व्हायचा होता. मी चाटलं आणि म्हटलं, "कमी." तिने डोळे मिटून देवघराच्या दिशेने हात जोडले आणि मीठ घातलं. मग रोज तसंच. जेवण पुन्हा पहिल्यासारखं झालं, अप्पा भात मागून घेऊ लागले, स्वयंपाकाच्या बाईचं नाव कोणी काढेना. शनिवारची बिस्किटंही सुरू झाली. आत्या रात्री जपाची माळ मात्र पूर्वीपेक्षा बराच वेळ ओढी.

मग आजोबांचं श्राद्ध आलं. त्या दिवशी मडी सर्वांत कडक. पोरांना सकाळीच पुढच्या मामींकडे धाडून देत, अंगणातसुद्धा पाऊल टाकू देत नसत. जाताना मी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सरी, सरी, बरं, जा. मी बघतें." बाहेरच्या खोलीत होम चाललेला, तुपाचा धूर घरभर. त्या धुरात खिरीचं दूध बुडाशी लागलं ते आईलाही कळलं नाही. जाड पितळी भांडं, वरून खीर पांढरीशुभ्र. आत्याने ती वाढायला दिली.

श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणांनी अन्नाला नाव ठेवायचं नसतं, वाखाणायचंही नसतं. मुकाट जेवायचं. ते जेवले. अप्पांनी रीतीप्रमाणे विचारलं, तृप्त झालात का, आणि त्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं, तृप्त झालो. दक्षिणा घेऊन ते गेले. मग अप्पा जेवायला बसले आणि मला बोलावणं आलं. मी दारात पाय ठेवला आणि मला करपट वास आला. अप्पांच्या हातात खिरीची वाटी होती.

"दूध करपलेलं तुला कळलं नाही?" ते आत्याला विचारत होते. आवाज चढलेला नव्हता. "वडिलांच्या तोंडी हे घातलं मी. विचारलंसुद्धा त्यांना, तृप्त झालात का म्हणून."

आत्या चुलीपाशी उभी, खाली मान. आई म्हणाली, "हल्ली लक्षच नसतं त्यांचं."

मला ते सहन झालं नाही. मी ओरडले, "लक्ष असतं! तिला वास येत नाही. मार्गळीपासून येत नाही. रोज मी सांगते म्हणून तुम्ही जेवता!"

"काय सांगतेस?" अप्पांनी विचारलं.

"वास सांगते. आणि मीठ."

"मीठ कसं सांगतेस?"

मी हात पुढे करून दाखवलं. थेंब कुठे पडतो, मी कशी चाटते. आत्याने पदर तोंडावर ओढला. अप्पांनी वाटी खाली ठेवली. करपलेल्या खिरीचं आता कोणाला काही नव्हतं. इतके महिने देवापुढे लेकराचं उष्टं गेलं होतं आणि ते आत्याने जाणून केलं होतं, याला त्या घरात माफी नव्हती.

मी गप्प बसायला हवं होतं असं पुढे मला अनेकांनी सुचवलं. मला तसं वाटत नाही. मी खरं बोलले. खरं ऐकून एखाद्याने बहिणीला जवळ बसवलं असतं, विचारलं असतं, की बाई, इतके महिने तू कशी काढलीस? माझ्या बापाने जानवं बदललं आणि तंजावरला कार्ड टाकलं.

एग्मोरला मीही गेले होते. तिचं बोचकं आणि पाण्याचा तांब्या, एवढंच सामान. अप्पा सतत घड्याळ बघत होते. गाडी हलली तशी तिने खिडकीतून माझा हात धरला आणि विचारलं, "कसं येतें?" मी सांगितलं, कोळशाचा धूर, मोगरा, आणि कोणाच्या तरी डब्यातली चिंच. तिने मान हलवली. मद्रास संपतं त्या तांबरमपर्यंत तिने तेवढ्यावर काढलं असेल.

कढई आणि वाळू आमच्याकडेच राहिली. नव्या स्वयंपाकीणबाईंना ती अडगळ वाटे. मी ती मागच्या अंगणात नेली आणि शनिवारी स्वतः बिस्किटं करायला लागले. पहिली बरीच फेकावी लागली. मग जमली, कारण काय कधी व्हायचं ते मला नाकाने पाठ होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तंजावरला एक लग्न निघालं. मी डबा भरून बिस्किटं घेतली आणि अप्पांच्या मागे लागून आत्याच्या सासरी गेले. अप्पा ओसरीवर कॉफी घेत बसले. मला मागे पाठवलं. गोठ्यालगतच्या पडवीत आत्या तांदूळ निवडत होती. मनगटं काड्यांसारखी झाली होती. मला पाहून ती उठू लागली, पण पुन्हा बसली. तेवढ्यात घरातली सून आली, आत्यापुढे दहीभाताचं ताट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मी डबा उघडला. म्हटलं, "मी केलीत. तू खात नाहीस, ठाऊक आहे. नुसती बघ."

तिने एक उचललं, कानाशी नेलं आणि मोडलं. "कुडुक वाजलं. बरं भाजलीस," म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून तिने तो तुकडा तोंडात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. मी बघतच राहिले. "आता मडी कसली माझी," ती म्हणाली. "मऊ लागतें. गोड कळतें, बाकी काही नाही. वास सांग."

मी सांगितला. आधी तूप, त्याच्या मागे वेलदोडा, कडेला साखर नुकती लाल व्हायला लागलेली, आणि सगळ्यांत खाली गरम वाळू. ती डोळे मिटून चावत होती आणि मध्येच "आणि?" म्हणत होती. माझ्याकडे होतं तेवढं सगळं मी सांगितलं. तिने अख्खं बिस्कीट संपवलं, बोटं पुसली आणि ताट पुढे ओढलं.

तेव्हा मला विटलेल्या भाताचा वास आला. भात आदल्या दिवशीचा तरी असेल, कदाचित त्याच्याही आधीचा. वर ताजं दही घातलं होतं, त्यामुळे दिसायला पांढराशुभ्र होता. त्या घरात सर्वांना ठाऊक होतं की हिला वास येत नाही. अप्पांच्या कार्डात तेही लिहिलेलं होतं. मी तोंड उघडलं.

आत्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"बिस्किटाचा सांगितलीस, पोदुम, तेवढं पुरे," ती म्हणाली. "ह्याचा सांगू नक्को, पापा. मला जेवायचं आहे."

आणि तिने भात कालवायला घेतला.