झोपून राहिलो होतो

अकोल्याहून तार आली तेव्हा मी अमरावतीत कोर्टाला निघालो होतो. सदाशिवकाका आदल्या दुपारी झोपेतच गेले. महिना होत आला. लिहायला बसलो की जांभया येतात. झोपेच्या बाबतीत मी काकांचा गुन्हेगारच आहे, ते एकदा सांगून टाकतो.

काका अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांना फिट यायची, तीही झोपेत, म्हणून ते झोपेलाच भ्यायचे. एकदा वर्गात डुलकी लागली आणि पोरांसमोर झटका आला. शाळेनं घरी बसवलं. पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचं, एवढ्यासाठी ते मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेले. तिथं कवटीला भोकं पाडून मेंदूत खोलवर बारीक तारा सोडल्या. झटक्याचं मूळ सापडलं, तरच ऑपरेशन. काकांनी तारांसकट झोपायचं, यंत्राच्या लेखण्या कागदावर लाटा काढणार, आणि ते कधी झोपले ते मी शेजारी बसून टिपायचं.

तीन दुपारी काका टक्क जागे. चौथ्या दुपारी झोपलो तो मी.

तिथले डॉक्टर मूळचे पुण्याचे. त्यांनी विचारलं, झोप लागली का? काका म्हणाले, "झोपून राहिलो होतो." म्हणजे आमच्या वऱ्हाडीत, झोप येतच होती, पुरती लागली नव्हती. डॉक्टरांना वाटलं, सगळा वेळ झोपले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वकील माणूस, डोळे चोळत साक्ष दिली... "गाढ."

संध्याकाळी राहवेना, खरं सांगितलं, काकांच्या वाक्याचा वऱ्हाडी अर्थही. डॉक्टरांनी कागदावरचा शेरा खोडला. तारा आणखी एक दिवस डोक्यात राहणार. काका एवढंच म्हणाले, "बाबू, झोप मले पाह्यजे होती, अन् लागली तुले."

पाचव्या दुपारी, बहुधा थकूनच, ते झोपले. मग डॉक्टरांनी दोन्ही दिवसांचे कागद शेजारीशेजारी पसरले. आदल्या दिवशी वरच्या तारांच्या रेषा जाग्या माणसाच्या होत्या, खोलातल्या तारेची मात्र संथ, झोपेची. आत झोप उतरत होती आणि वर काका जागे होते. "मास्तर, तुमचंच वाक्य बरोबर होतं," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं. झटके थांबले नाहीत, विरळ झाले. वर्ग मिळाला, पण सकाळचाच. दुपारी झोपायचं ही डॉक्टरांची सक्ती, आणि काकू दाराशी पहाऱ्याला.

तेरवीनंतर एका दुपारी त्या घरी गेलो. अंगणातली खडी वाजू नये म्हणून सवयीनं फाटकातच चपला हातात घेतल्या... काकू ओसरीवर भांडी पुसत होती. म्हणाली, "घाल रे बाबू चपला. आता कोनी उठत नाई." आणि हातातलं पातेलं तिनं फडक्यावर अलगद ठेवलं.