विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये

मंगळवारी सकाळी सिंदेवाहीच्या घरी माझी बहीण वारली.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळवायचं होतं. फोनवर माझा आवाज निघेना, म्हणून लिहायचं ठरवलं. सगळ्या भावंडांचे आणि तिच्या ओळखीच्यांचे पत्ते एकत्र होते ते ताईच्याच शेवटच्या मेलमध्ये. ती भाताच्या वाणांवर काम करायची आणि धान निघालं की दरवर्षी आम्हाला नव्या तांदळाच्या जेवणाला बोलवायची. आदल्या आठवड्यातच तिचं बोलावणं आलं होतं. त्यालाच मी सर्वांना जाईल असं उत्तर लिहिलं : ताई आज सकाळी गेली. वरचा विषय बदलायचं सुचलं नाही. जिवती गावच्या चुलत भावाचा लगेच फोन आला.

"भाऊ, मले वाटलं जेवनाची तारीख बदलली. हासतच उघडलं म्या."



ताईने असं केलं नसतं. मेलच्या बाबतीत ती काटेकोर होती. विषयाच्या ओळीत विषयच हवा, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. तिचा एक मेल मी माझ्या मित्राला पाठवला, तेव्हा म्हणाली होती, "माहं पत्र शेजाऱ्याच्या ओसरीवर वाचून दाखवशील का तू? मंग हे काऊन ढकलून राह्यला?"

त्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "थे घरात ठेवू नोको." पूर्वी मृत्यूचं कार्ड कोपरा फाडून यायचं. ते दारातच वाचायचं आणि तिथंच फाडायचं. मी फोनमधून बातमी पुसली. बातमीबरोबर खालचं बोलावणंही गेलं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. पुढे केव्हातरी पुसलेल्या मेलची पेटीही आपोआप रिकामी झाली. ताईच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.

पुढच्या वर्षी धान निघालं तेव्हा मला ते बोलावणं पुन्हा वाचावंसं वाटलं. तिने माझ्यासाठी काहीतरी वेगळं लिहिलं होतं एवढं आठवत होतं, शब्द आठवत नव्हते. या वेळी मी यादी करून एकेकाला वेगवेगळं लिहिलं. घरच्या सगळ्यांचं उत्तर एकच आलं : तसलं काही ठेवत नसतात म्हणून त्याच दिवशी पुसलं. रीत सगळ्यांनीच पाळली होती. कुणावर रागवावं हेच कळेना.

यादीत शेवटी चंद्रपूरचा शिलाई मशीन दुरुस्त करणारा होता. ताईची मशीन त्याच्या वडिलांच्या वेळेपासून त्याच दुकानात जायची, आणि जेवणाला तो बायकोला घेऊन यायचा. त्याने लिहिलं नाही, फोन केला.

"आमच्यात पुसाची रीत नाई भाऊ. हाय माझ्याकडे."

"मग पाठवा ना."

"बाई मले एकदा लय रागावल्या होत्या. विचारल्याशिवाय पुढं धाडायचं नाई म्हने. आता विचारू कोनाले? तुमी म्हनसान तर पाठवतो."

मी हो म्हणणारच होतो. भाऊ म्हणून मला परवानगी देता येते का? ती असती तर तिने दिली असती का? काही ठरेना. शेवटी मी म्हणालो, मीच येतो.

दुकानात मशीनच्या तेलाचा वास होता. हात पुसून त्याने फोन माझ्यापुढे धरला. वर माझी ओळ, खाली ताईची. सगळ्यांनी काय काय आणायचं ते लिहून शेवटी तिने लिहिलं होतं : धाकट्यानं या वेळी काही आणू नये. त्याची भाजी दरवर्षी उरते. नुसता ये.

"बाईनं बराबर लिहिलं," तो म्हणाला. "तुमची भाजी आमीबी नव्हतो खात."

मी हसलो. मग डोळ्यांना अक्षरं दिसेनाशी झाली.

त्यानंतर दोनदा जाऊन वाचून आलो. तो दर वेळी विचारतो, पाठवू का? मला अजून हो म्हणता आलेलं नाही आणि नाहीही. मेल त्याच्याकडे आहे.