लिहा, मेंढरं आली व्हती

"आवाज काढून दाखव."

आमचाच पेढा खाऊन, रुमालाला हात पुसून, चौकशीवाले साहेब मला असं म्हणले. माझे वडील, आबा, त्या दिवशी सकाळी मुद्दाम ओझरला जाऊन गणपतीच्या पाया पडले व्हते अन् पावशेर पेढे घेऊन आले व्हते. साहेबांना दिला, नानांना दिला, नानांकडं आलेल्या दोन पावण्यांना दिला. सगळ्यांनी कपाळाला लावून खाल्ला.

मला कळंना. मी म्हणलं, "कसला आवाज?"

"मेंढरं बोलावता ना तुम्ही? तो. खऱ्या धनगराला येतो म्हणतात."

आमी पिंपळवंडीत व्हतो, नानांच्या ओट्यावर. नाना म्हंजी मोठे बागायतदार. ऊस, कांदा, दोन ट्रॅक्टर. पावसाळ्यात दरसाल आमची मेंढरं त्यांच्या पडीक वावरात बसतात. रानाला लेंडीखत मिळतं, आमाला ज्वारी मिळते. आजोबांपासनं चालत आलंय. दिवाळी झाली की आमी माळशेज उतरून कोकणात जातो, पाऊस तोंडावर आला की परत वर येतो. आमचं घर डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला हाय, पण घराला वर्षातले दहा महिने कुलूप. म्हणून साहेब चौकशीला घरी न जाता मेंढरं व्हती तिथं आले. साहेब खुर्चीत. नाना खुर्चीत. पावणं खाटेवर. आबा पायरीच्या खाली उकिडवे, अन् मी उभी.

चौकशी कशाची, ते सांगते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मला मार्क पडले व्हते. चांगले पडले व्हते. भटक्या जमातीच्या जागेवर सरकारी कॉलेज लागलं व्हतं, यादीत माझं नाव व्हतं, मी ते मोबाईलवर इतक्या वेळा उघडून बघितलं की पोरी हसायला लागल्या. फक्त जात पडताळणीचा दाखला राहिला व्हता. आमी पोरं त्याला व्हॅलिडिटी म्हणतो. तो शेवटच्या तारखेच्या आत दिला नाय तर जागा जाती. आजोबा शाळेत गेले नाय, आबा गेले नाय, घरात जुना कागद एक नाय. म्हणून चौकशी. आमी खरंच धनगर हाय का, ते बघायला.

आता मला सांगा राव. पाचवीत बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं, घोंगडीचा वास येतो म्हणून. तेव्हा कुणी दाखला मागितला नाय. अकरावीला हॉस्टेलवर एकीनं माझ्या पिशवीशेजारी तिची पिशवी ठेवायला नाय म्हणलं. तिनंही पडताळणी केली नाय. हिणवायचं असलं की आमी लगेच खरे. अन् डाक्टर व्हायचं म्हणलं की पुरावा आणा!

तर साहेबांनी आधी कुलदैवत विचारलं. खंडोबा सांगितला, बिरोबा सांगितला. लग्नात काय करता, मयतीला काय करता, लोकर कधी कातरता, सगळं विचारलं, सगळं सांगितलं. साहेब मान हलवत नव्हते. म्हणले, "तू फार शुद्ध बोलतेस गं. चष्मा, ड्रेस. पाठ करून आल्यासारखं वाटतंय."

मी शुद्ध बोलत व्हते हे खरंय. बारा वर्षं शाळेनं माझी 'नाय' मारून मारून 'नाही' केली. म्हणून हे सगळं मी आता माझ्या बोलीत सांगतेय. मुद्दाम.

मंग ते आवाजाचं निघालं. मी आबांकडं बघितलं. आबा खाली बघत व्हते.

नाना म्हणले, "काढ की गं. साहेब काय खातात का तुला?"

अन् मी काढला.

लाज वाटती सांगायला, पण काढला. दाखला पायजे व्हता. जीभ टाळूला लावून, घशातनं, लांबवून. मी चालायला लागले तवापासनं तो आवाज मला येतो. पावणं खो खो हसले. एक म्हणला, "ही तर लाऊडस्पीकर हाय!" नानांनी खिशातनं मोबाईल काढला. "परत काढ, परत, व्हिडिओ करतो." मी परत काढला. तुमी म्हणाल परत कशाला? एकदा मान खाली गेली की दुसऱ्यांदा लई जड जात नाय, म्हणून.

तेवढ्यात मेंढरं आली.

आई पलीकडच्या पडीक वावरात मेंढरं चारत व्हती. ते वावर अन् नानांचा ओटा यांच्या मधी कांद्याचं रोप टाकलेलं. हिरवंगार, बोटभर उंच. मी दोनदा बोलवलं ना, मेंढरांनी ऐकलं. पुढची म्हातारी मेंढी निघाली अन् तिच्यामागं सगळी निघाली, शंभराच्या वर, सरळ रोपातनं. आई मागनं ओरडत पळत व्हती. कोण ऐकतंय? त्यांना मी बोलवलं व्हतं. ओट्यापाशी येऊन थांबली, माझ्याकडं तोंड करून. म्हातारीनं माझ्या ओढणीचा पदर तोंडात धरला.

नानांचं हसणं गेलं. मोबाईल खाली आला. "अरे ए! डोळे फुटले काय तुमचे? रोपाचा चिखल केला सगळा! भिकारड्यांनो, उद्याच्या उद्या उचला तुमचा तळ!"

मी आवाज त्यांच्या सांगण्यावरनं काढला व्हता. त्यांनीच म्हणलं व्हतं, काढ की गं. पण शिव्या बसल्या आबांना. आबा उठले, हात जोडले, मंग वाकले अन् नानांच्या पायाला हात लावला. "चुकलं नाना. पोर हाय. चुकलं." नानांनी तळ उचलायचं परत काढलं नाय. माझं वय एकोणीस. आबांचं पन्नाशीच्या पुढं. माझ्यामुळं ते वाकले, हे अजून डोळ्यासमोरनं जात नाय.

साहेबांनी घाईघाईत कागद पुढं केला. जबाब. आबांनी अंगठा दिला. मी सही केली. अख्खं जीवशास्त्राचं पुस्तक ओळ न् ओळ पाठ असलेली मी. अन् तो एक कागद मी वाचला नाय. आमच्यात असंच चालतं. साहेबानं कागद पुढं केला की आमी एकच विचारतो, "कुठं करू?"

आई मेंढरं वळवून घेऊन निघाली. मी तिच्यामागं गेले. मला वाटलं ओरडंल. ओरडली नाय. म्हातारीच्या पायातला चिखल काढत म्हणली, "उगाच बोलवू नको गं त्यांना. ती खरं समजतात."

बास. एवढंच बोलली. मी तिथंच बसले अन् हमसून हमसून रडले. आख्ख्या ओट्यावर माझं खरं मानणारं कुणी नव्हतं. अन् ज्यांनी मानलं त्यांना मी खोटंच बोलवलं व्हतं.

संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली नानांनी लिहिलं व्हतं, 'आमच्या वाड्यावरची डाक्टरीण'. वाडा म्हंजी आमचा मेंढरांचा तळ. पुढं हसणारी तोंडं. नानांना वाटत असंल, कौतुकच केलं. तिसऱ्या दिवसापर्यंत तो माझ्या हॉस्टेलच्या ग्रुपवर पोचला.

पंधरा दिवसांनी सुनावणीचं पत्र आलं. कचेरी पुण्यात. मी अन् आबा पहाटेची एस्टी धरून गेलो. टेबलाच्या पलीकडं मोठ्या मॅडम, बाजूला तेच साहेब, कोपऱ्यात टाईप करणारे एक क्लार्क. मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. "अर्जदाराची भाषा व पेहराव आधुनिक आहे. पारंपरिक व्यवसायाची माहिती असमाधानकारक."

मी म्हणलं, "मॅडम, मला आवाज काढायला लावला व्हता. मी काढला. मेंढरं आली. हे लिहिलंय का त्यात?"

मॅडमनी कागद उलटसुलट केला. "तशी नोंद नाही."

साहेब म्हणले, "ते काय लिहायचं असतं का?"

मॅडम वाईट नव्हत्या. थकलेल्या व्हत्या. घड्याळ बघितलं अन् म्हणल्या, "बरं, आता काढ एकदा. मी स्वतः ऐकते. विषय संपवून टाकू."

आबांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत नुसती विनवणी. काढ बाई, सुटू आपण. शेवटच्या तारखेला नऊ दिवस व्हते. मला ती यादी दिसत व्हती, त्यातलं माझं नाव दिसत व्हतं. जीभ टाळूपर्यंत गेली सुद्धा. खोटं नाय सांगत.

मंग मी म्हणलं, "इथं मेंढरं नायत मॅडम."

"ते मलाही दिसतंय." क्लार्क हसले.

"मंग कुणाला बोलवू?"

हसणं थांबलं.

मी म्हणलं, "तो आवाज मेंढरांसाठी हाय. त्यांनी ओळखला. सगळीच्या सगळी आली. तुमच्या साहेबांनी नाय ओळखला, त्याला मी काय करू? अजून काय विचारायचं ते विचारा. रोग विचारा, चारा विचारा, अडलेली मेंढी कशी सोडवायची ते विचारा, मी चार सोडवल्यात या हातांनी. आवाज नाय काढणार."

"तू नकार देते आहेस?"

"व्हय. लिहा."

क्लार्कनी खाडखाड टाईप केलं. कागद आला. आबांनी सवयीनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला अन् विचारलं, "कुठं करू?"

"आबा, थांबा." मी त्यांचा हात धरला. कागद वाचला. पहिल्यांदा. त्यात एकच ओळ व्हती, 'अर्जदाराने चौकशीस सहकार्य केले नाही.'

मी आबांचा अंगठा ओढणीला पुसला. म्हणलं, "असं नाय. आधी प्रश्न लिहा. मला मेंढरं बोलवायचा आवाज काढायला सांगितलं, पिंपळवंडीत दोनदा, इथं एकदा. तिथं मी काढला. लिहा, मेंढरं आली व्हती. इथं काढला नाय, ते पण लिहा. सगळं लिहा, मंग सही करते."

साहेब तापले. "तू कायदा शिकवणार आम्हाला?"

"नाय. मी फक्त वाचणार."

पाऊण तास लागला. साहेबांना तो प्रश्न कागदावर नको व्हता. तोंडानं विचारायला लाज वाटली नव्हती, लिहायला वाटत व्हती. तिथंच मला सगळं कळलं. शेवटी मॅडम म्हणल्या, "लिहा हो ती सांगते तसं." लिहिलं. मी परत वाचलं. आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मंग सही केली, मंग आबांनी अंगठा दिला. त्याची नक्कल मागून घेतली.

तुमाला वाटंल आता दाखला मिळाला, पोर डाक्टर झाली. नाय झाली. चौकशी परत नेमली. दुसरे साहेब आले, भला माणूस, वावरात फडक्यावर बसले, आईला विचारलं, मला विचारलं, लिहिलेलं वाचून दाखवलं. दाखला आला. पण शेवटच्या तारखेनंतर अकरा दिवसांनी आला. माझी जागा गेली.

आबा दोन महिने माझ्याशी बोलले नाय. एकदाच बोलले, कोकणात उतरताना, घाटात. "एकदा काढला असता तर काय झिजली असतीस का?" त्यांची चूक नव्हती. ते माझ्यासाठी नानांच्या पाया पडले व्हते अन् मला साधा आवाज काढता आला नाय, असंच त्यांना दिसत व्हतं. मला पण राग येतो. वर्ष गेलं म्हणून येतो, रात्रंदिवस केलेला अभ्यास परत पहिल्या पानापासनं करताना येतो. पण आवाज काढला नाय याचं वाईट एक दिवस वाटलं नाय. काढला त्याचं वाटतं.

आता मी परत परीक्षेला बसतेय. वाड्यावरच अभ्यास करते, मोबाईलला रेंज असंल तिथं. दाखला माझ्याकडं हाय, त्यावर कुणाच्या बापाला आता शंका घेता येत नाय. पुस्तकात त्या जबाबाची नक्कल घडी घालून ठेवलीय. झोप यायला लागली की ती काढून वाचते.

गेल्या आठवड्यात चुलतबहिणीचा दाखल्याचा अर्ज आला, त्यावर आबांचा साक्षीचा अंगठा पायजे व्हता. आबांनी तो माझ्यापुढं टाकला. म्हणले, "आधी वाच. मला पण सांग काय लिवलंय. मंग देतो अंगठा."

तिच्या चौकशीला मी जाणार हाय. ओट्याच्या खाली नाय, खुर्ची मागून बसणार हाय. जो कुणी साहेब येईल त्याचा एकेक प्रश्न त्याच्याच हातानं लिहून घेणार हाय. अन् ह्या परीक्षेत मार्क कमी पडले तर पुढच्या, नाय तर त्याच्या पुढच्या. सोडणार नाय.

अन् तो आवाज कसा असतो, हे वाचताना तुमाला पण वाटलं असंल ना, ऐकावा एकदा? मी इथं तो कुठंच लिहिलेला नाय, बघा परत वाचून. तुमच्यासाठी पण नाय काढणार.